धुक्यात कुठला वारा

शिंपी : पोस्टमन. कुणालाही विचार. चेंडूला लाथ मारावी तर पोस्टमननं. बाकीचे नुसते पाय झाडतात.

भोंगा : कुणालाही कशाला विचारू? मी काय तेव्हा गोट्या खेळत होतो? घड्याळ. दुसरं नाव माझ्यासमोर घेऊ नकोस.

लेक : काका, तुम्ही अजून टेकलाही नाहीत आणि सुरू झालात. बाबांचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे.

शिंपी : ठाऊक आहे पोरी, म्हणूनच आलो. परवा येऊन भांडू कुणाशी? भिंतीशी?

भोंगा : भिंतीला तुझ्यापेक्षा जास्त रग्बी कळतं.

लेक : बाबा, वाक्यं. अजून पाव पण झालेली नाहीत.

शिंपी : कसली वाक्यं?

लेक : हा फोन बघा. उद्या बाबांच्या घशातलं स्वरयंत्र काढणार. मग आवाज नाही, कुजबूजसुद्धा नाही. पुढं ते यावर बोटानं लिहितील आणि फोन त्यांच्या आवाजात बोलेल. पण त्यासाठी आधी त्यांचा आवाज याच्यात भरावा लागतो. भरपूर. संध्याकाळी स्पीचवाल्या बाई येऊन बघणार, पुरला का ते.

शिंपी : म्हणजे आवाजाचं माप घेऊन ठेवायचं.

लेक : तसंच.

शिंपी : मग घे की. अडलंय कुठं?

लेक : सकाळपासून बसलेय. 'मला पाणी हवे आहे.' 'कृपया दिवा बंद करा.' 'आज हवा छान आहे.' बाबा असं वाचतात, जणू पोलिसांनी लिहून दिलेला जबाब आहे. फोन म्हणतो, आवाज पुरेसा नाही, पुन्हा वाचा.

भोंगा : 'कृपया दिवा बंद करा.' जन्मात मी कुणाला कृपया म्हटलेलं नाही. त्या डबड्याला माझा आवाज हवाय की एखाद्या हेडक्लार्कचा?

शिंपी : हे मात्र खरं. हा दिवा बंद करायलासुद्धा शिवी घालूनच सांगतो.

भोंगा : विषय बदलू नकोस. घड्याळाचं बोलत होतो आपण. घड्याळ किक घ्यायला आला की सगळं मैदान थांबायचं. तो मातीचा छोटा ढीग करायचा, त्यावर चेंडू उभा करायचा, अंडं ठेवावं तसा. मग मागं सरायचा. तळहात चड्डीला पुसायचा. खांबांकडे बघायचा, चेंडूकडे बघायचा, परत खांबांकडे. लोक ओरडायचे, अरे झोपला काय. तो झोपत नव्हता, शिंप्या. तो तिकडे जाऊन यायचा. आधी स्वतः त्या दोन खांबांच्या मधून जाऊन यायचा, सावकाश, पलीकडे काय आहे ते बघून. मग चेंडू पाठवायचा. रस्ता माहीत असलेल्या चेंडूला चुकायचं कारणच काय?

लेक : काका, जरा खिडकीपाशी या. हे पडदे एकटीला सरकवता येत नाहीत.

शिंपी : कसले पडदे, इथं तर नुसत्या काचा...

लेक : हळू बोला. फोनवरचा हा हिरवा पट्टा बघा. सकाळपासून हललेला नाही. आत्ता बाबा घड्याळाबद्दल बोलले आणि भरायला लागला.

शिंपी : म्हणजे वाक्यं नकोत त्याला.

लेक : फोनला खरा आवाज हवा. आणि बाबांचा खरा आवाज फक्त भांडताना येतो.

शिंपी : मग भडकवायचं का?

लेक : भडकवा. मी अडवल्यासारखं करीन, माझ्याकडे लक्ष देऊ नका.

शिंपी : अगं हे कामच आहे माझं. दुकानात कपडे आणि याच्याशी वाद, दोनच गोष्टी आल्या मला आयुष्यात.

भोंगा : काय खुसपुसताय तिकडे? घसा गेलाय माझा, कान नाही.

शिंपी : तुझी लेक म्हणतेय, बाहेर शाळेच्या मैदानावर पोरं पळतायत. पण चेंडू कुठं दिसत नाही.

भोंगा : काच पुसा मग. सकाळपासून या वाफेच्या यंत्रानं सगळी खोली पांढरी केलीय. मला तर वाटतं मी त्या दुधी काचेच्या पलीकडे बसलोय आणि तुम्ही दोघं अलीकडे.

शिंपी : तर पोस्टमन. पोस्टमन खांबांकडे बघायचाच नाही. पत्ता पाठ होता त्याला. मान खाली, दोन-चार पावलं, आणि चेंडू गेला. तुझ्या घड्याळासारखा तमाशा नाही.

भोंगा : आणि फायनलला? फायनलला पत्ता चुकला वाटतं.

शिंपी : खांबाला लागला. लागू दे. जाताना लोक थुंकले त्याच्या अंगावर. आणि सोमवारी सकाळी हा गडी पिशवी घेऊन त्याच लोकांच्या दारात. नोकरीच ती. जो थुंकला त्याच्या हातात त्याचं पत्र ठेवलं. एकाचंही टपाल इकडचं तिकडं केलं नाही. मी असतो तर एकेकाचं नाल्यात टाकलं असतं.

भोंगा : ती समोरच्या गोदीवाल्या टीमची औलादच तशी, हलकट.

शिंपी : गोदीवाले नव्हते. रेल्वेवाले होते. आपले.

भोंगा : ...हो. आपलेच होते.

शिंपी : म्हणून म्हणतो, थोर किकर कोण? किक चुकल्यावरसुद्धा जो माणूस म्हणून उरतो, तो.

भोंगा : सुविचार फळ्यावर लिही. मी लाथेबद्दल बोलतोय.

लेक : बाबा, घोटभर पाणी घ्या.

भोंगा : नको. याला आज उत्तर दिलं नाही तर परत कधी देऊ?

शिंपी : बरं, किकरांचं राहू दे. तुझ्या रेडिओवरच्या कॉमेंट्रीबद्दल बोलू. मला विचारशील तर टीव्हीवरचा तो चष्मा तुझ्यापेक्षा बरा.

भोंगा : कोण?

शिंपी : चष्मा. व्यवस्थित बोलतो. आरडाओरडा नाही. कुणी किती मीटर पळाला, किती टक्के पास झेलले, सगळं तोंडपाठ.

भोंगा : त्या माणसाला रग्बी आवडत नाही. त्याला वाणसामान मोजायला बसवा. ऐक, आणि नीट ऐक. टीव्हीवर लोकांना दिसत असतं आणि हा तेच सांगतो. आंधळ्याला हात धरून रस्ता ओलांडून देणं वेगळं. चांगल्या डोळस माणसाची बखोट धरून त्याला ओढत नेणं, हा त्या माणसाचा अपमान आहे. आणि लोकांना तो गोड लागतो, कारण लोकांनी बघणं सोडून दिलंय. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की तुम्ही आत्ता खूश झालात.

शिंपी : मग रेडिओवर काय वेगळं?

भोंगा : रेडिओवर ऐकणारा काळोखात असतो. दुपारचे बारा वाजलेले असोत, ऐकणाऱ्याच्या डोक्यात काळोखच असतो. तू तिथं आधी गवत अंथरायचं. मग पांढऱ्या रेषा मारायच्या. मग एकेक गडी आणून उभा करायचा. विसरलास तर पंधराऐवजी चौदाच पळतात, आणि एक बिचारा कुठंतरी कपडे बदलत बसलेला. मग चेंडू सोडायचा. तो लंबगोल चेंडू, भोपळ्यासारखा, कुठं उसळेल त्याचा नेम नाही. आणि बायका भांडी घासताना, हमाल पाठीवर पोतं असताना, आजारी माणूस अंथरुणावर, सगळे त्या एका चेंडूमागे. पायांचा आवाज न करता. मी वर पत्र्याच्या खोलीत बसून ते सगळं ऐकायचो, शिंप्या. आपल्याला ऐकणारी माणसं ऐकू येतात. तुला खोटं वाटेल.

शिंपी : वाटतं खोटं.

भोंगा : वाटू दे.

लेक : छान चाललंय. म्हणजे... फार बोलताय तुम्ही.

शिंपी : बरं, कोच तरी मान्य कर. मास्तरसारखा कोच झाला नाही.

भोंगा : मास्तर खाटीक होता.

शिंपी : जिंकवलं त्यानं रेल्वेला.

भोंगा : ससा आठवतो का? आपल्या डाव्या टोकाचा, पळणारा. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. वरून मला दिसत होतं, हात नुसता लोंबत होता, दुसऱ्याचा असल्यासारखा. मास्तरनं पट्टी आवळली आणि त्याला परत आत ढकलला. म्हणाला, दुखणं डोक्यात असतं. मी तिथल्या तिथं हवेवर म्हणालो, हा कोच नाही, खाटीक आहे, आणि आपण टाळ्या वाजवतो म्हणून याचं दुकान चालतं.

शिंपी : आणि रेडिओवाल्यांनी तुला घरी बसवलं.

भोंगा : अख्खा हिवाळा. साहेब म्हणाले, तुम्हाला बोलायला ठेवलंय, मत द्यायला नाही. मी म्हणालो, मग पोपट ठेवा.

लेक : तो हिवाळा मला आठवतो.

भोंगा : तुला काय आठवतोय, एवढीशी होतीस तू.

लेक : आठवतो. आईची धुलाईवाल्यांकडे शनिवारची पाळी असायची, आणि तुम्ही घरी होतात. बाहेरचं दार दिवसभर सताड उघडं. तुम्ही शेगडीशी बसून अंडी उकडायचात आणि जिन्यावरून कुणी चढलं की त्याची कॉमेंट्री करायचात. 'खालच्या काकू निघाल्यायत, उजव्या बाजूनं, पिशवी जड आहे, कठड्याला टेकल्या, श्वास घेतायत, पुन्हा निघाल्या. समोरून दूधवाला. दोघांत जागा नाही. काकू हटणार नाहीत. काकू हटत नाहीत.'

भोंगा : आणि काकूंनी ऐकलं.

लेक : त्या हसल्या. वर येऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझा पण ट्राय द्या की.

भोंगा : मला लाज वाटायची त्या दिवसांची. धडधाकट बाप्या, दुपारी घरात अंडी उकडतोय.

लेक : मला वाटायचं, मास्तरांना अजून चार शिव्या द्याव्यात तुम्ही. म्हणजे पुढचा हिवाळाही मिळेल.

शिंपी : ...चहा मिळतो का गं इथं खाली?

लेक : नंतर. काका, तो पट्टा बघा. थोडाच राहिलाय.

शिंपी : मग शेवटचं काढतो. भोंग्या, तुझा तो धुक्यातला ट्राय. सगळे म्हणतात आजवरचा सगळ्यात मोठा ट्राय. मी सांगतो, रेषेपलीकडे चेंडू टेकवला असेल, पण तो ट्राय नव्हताच. ऑफसाइड होता. ससा घड्याळाच्या पुढे उभा होता. किक मारणाऱ्याच्या पुढचा माणूस चेंडूला हात लावू शकत नाही, हा नियम पाळण्यातल्या पोरालासुद्धा माहीत आहे.

भोंगा : तू कुठं होतास?

शिंपी : गोदीवाल्यांच्या खांबांमागे. नेहमीच्या जागी.

भोंगा : तुला तुझी नाकपुडी तरी दिसत होती का त्या दिवशी?

शिंपी : तुला तरी काय दिसत होतं?

भोंगा : काही नाही. म्हणून तर मी बरोबर आहे. पोरी, ते वाफेचं यंत्र मोठं कर. पुरतं मोठं कर.

लेक : बाबा, नर्सबाई म्हणाल्या की...

भोंगा : कर म्हणतो ना. असंच होतं त्या दिवशी.

(वाफ खोलीभर पसरते.)

भोंगा : नमस्कार मंडळी. मी मैदानावर आहे असं मला सांगण्यात आलंय. खाली गवत असावं. तीस माणसं असावीत. मला काही दिसत नाही, तेव्हा आज आपण सगळे सारखेच. आज आपण कानांनी बघायचं आहे. ऐका. ही पावलं जड आहेत, हे गोदीवाले. ही खरखर म्हणजे मेळका, आठ-आठ माणसं खांद्याला खांदा लावून ढकलतायत, बैलांसारखा श्वास सोडतायत. आता सुटला. कुणीतरी हाक मारली, मागे दे, मागे दे. या खेळात हातानं चेंडू पुढे द्यायचा नाही, मंडळी. पुढे पळायचं आणि देताना मागेच द्यायचं. मागे कुणी आहे याचा भरवसा ठेवून. धुक्यात तर फक्त भरवसाच असतो. आता शांत. फार शांत. कुणीतरी तळहात चड्डीला पुसतोय. मला ऐकू आलं. घड्याळ आहे. मारला. उंच. सरळ वर. चेंडू धुक्यात गेला.

शिंपी : गेला.

भोंगा : चेंडू वर गेलाय आणि खाली आलेला नाही. तीस माणसं तोंड वर करून उभी आहेत. कुणी पळत नाही, कारण कुठं पळायचं ते कुणालाच माहीत नाही. पंचांनी शिट्टी ओठांत धरलीय. कुणीतरी हसलं. आता दुसरा हसला. अख्खं मैदान हळूहळू हसतंय, मंडळी, आणि चेंडू अजून वरच आहे. कदाचित राहील वरच. कदाचित आपल्याला सगळ्यांना असंच मान वर करून म्हातारं व्हायचं असेल. दार लाव गं, वारा सुटलाय. अजून वरच. अजून. आणि तिकडे रेषेपलीकडे, डाव्या कोपऱ्यात, ससा. एका बुटाची नाडी सुटलीय, तो वाकून नाडी बांधतोय. त्याला काहीच माहीत नाही. आणि त्याच्या दोन हातांच्या मध्ये, नाडीवर, आभाळातून, टेकला. टेकला, मंडळी. टेकला.

शिंपी : ...अंगावर काटा आला बघ. हरामखोरा.

भोंगा : बोल आता. ऑफसाइड?

शिंपी : ऑफसाइडच होता. नाडी बांधत होता म्हणजे आधीपासून तिथं होता. तूच सांगितलंस. पण राहू दे, असू दे ट्राय.

लेक : पट्टा भरला. फोन म्हणतोय, धन्यवाद.

भोंगा : कसला पट्टा? तुम्ही दोघं मिळून मला...

लेक : हो. मिळून.

भोंगा : नालायक आहात दोघं.

शिंपी : आता 'कृपया दिवा बंद करा' असं ऐकू येईल की दिवा आपोआप विझेल. आणि भोंग्या, ते तुझं वाक्य. अजून दुकानात लोक म्हणतात. 'दार लाव गं, वारा सुटलाय.' दर मॅचला म्हणायचास. कालच एका गिऱ्हाइकाला मी समजावून सांगितलं त्याचा अर्थ.

लेक : काय अर्थ सांगितलात?

शिंपी : अगं, बचाव. समोरचा चाल करून येतोय, हा झाला वारा. आपल्या गड्यांनी एका ओळीत उभं राहायचं, फट ठेवायची नाही, हे झालं दार लावणं.

लेक : आणि 'गं'?

शिंपी : ती ओळ म्हणजे फळी. फळी बाई. ती फळी, म्हणून गं. मुद्दाम तसं बोलतो हा, साहित्यिक माणूस.

लेक : फळी.

शिंपी : फळीच. मी तर कितीजणांना...

लेक : मलाही तुम्हीच सांगितलं होतं, काका. तुमच्या दुकानात. माझ्या शाळेच्या फ्रॉकचं माप घेत होतात, टेप गळ्यात, तोंडात टाचण्या. मी म्हणाले, शनिवारी बाबा रेडिओतून मला दार लावायला सांगतात आणि मी उठून लावते. तुम्ही इतकं हसलात की टाचण्या सांडल्या. म्हणालात, वेडाबाई, ते तुला नाही, फळीला म्हणतात. दुकानात बसलेले सगळे हसले.

शिंपी : मला आठवत नाही पोरी.

लेक : तुम्हाला कशाला आठवेल. मी घरी गेले आणि ठरवलं की परत असं खुळ्यासारखं वागायचं नाही. पुढच्या शनिवारी रेडिओ म्हणाला, दार लाव गं. मी बसून राहिले. मग कधीच लावलं नाही.

भोंगा : म्हणून.

लेक : काय म्हणून?

भोंगा : म्हणून मी यायचो तेव्हा दार उघडं असायचं. आधी लावलेलं असायचं, मग एकदम उघडं राहायला लागलं. गारठ्यात, एवढी एकटी पोर आणि दार सताड. मला वाटलं रुसलीयस माझ्यावर. मुद्दाम ठेवतेस.

लेक : बाबा, काय बोलताय?

भोंगा : काही नाही.

लेक : नाही, थांबा. धुक्याची मॅच. त्या दिवशीही तुम्ही म्हणालात, वारा सुटलाय. आत्ता पण म्हणालात. मी बस चालवते, मला धुकं शिकवू नका. वारा असेल तर धुकं टिकत नाही. धुक्यात कुठला वारा?

शिंपी : अरे. हे कधी लक्षातच आलं नाही.

लेक : आणि चाल कुठं होती? तीस माणसं तोंड वर करून उभी होती. फळी कुणी लावायची आणि कुणाविरुद्ध?

शिंपी : भोंग्या?

लेक : बाबा, मैदानावर वारा नव्हता.

भोंगा : मैदानावर नव्हता. घरी होता की नाही मला काय माहीत. दार उघडं होतं एवढं माहीत होतं. मी निघालो की तू ते कधी लावायचीच नाहीस. खाली रस्त्यावर पोचेपर्यंत तुझ्या रेडिओची खरखर ऐकू यायची जिन्यातून.

लेक : तुमची पावलं ऐकू यावीत म्हणून उघडं ठेवायचे. परत आलात तर.

भोंगा : चेंडू वर गेला आणि बोलायला काही उरलं नाही. रेडिओवर गप्प बसता येत नाही. मग जे मनात असतं तेच तोंडातून येतं.

लेक : मग सांगितलं का नाहीत कधी? घरी आल्यावर?

भोंगा : काय सांगायचं? सगळ्या जगाला ऐकू जाईल असं तर सांगत होतो.

लेक : सगळ्या जगाला सांगितलंत, बाबा. म्हणून जगानं ते आपलं करून टाकलं. फळ्या लावत बसले. आणि मी... मी दिवसभर बसची दारं उघडते, लावते. प्रत्येक थांब्यावर तेच वाक्य डोक्यात येतं आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणते, ते तुला नव्हतं. तुम्हाला कळतंय का, किती थांबे झाले असतील?

भोंगा : कळतंय.

शिंपी : चूक माझी. बापलेकीच्या मापात मी माझी टेप घातली. पण तुझीही कमी नाही भोंग्या. अख्ख्या गावाला दिसेल असा खेळ उभा करायचास आणि घरात आलास की मुक्याचा भाऊ. वहिनी गेली ती पण हेच म्हणत गेली. मी तुझा मित्र आहे म्हणून सांगतो, नाहीतर कोण सांगणार. उद्यापासून तर तुला सबबच मिळतेय.

भोंगा : झालं बोलून?

शिंपी : झालं.

भोंगा : बरोबर बोललास. आज पहिल्यांदा.

लेक : बाबा, इथं यादीच्या शेवटी एक जागा रिकामी आहे. 'आपले स्वतःचे वाक्य.' एक बटण दाबलं की फोन तेवढंच वाक्य म्हणणार, तुम्ही आत्ता म्हणाल तसं. तेच म्हणा. नीट, सावकाश. मघाशी धुक्यात म्हणालात ते फार घाईत गेलं.

भोंगा : ते नको.

लेक : का?

भोंगा : ते मी घरी नसतानाचं आहे. यंत्रात कशाला भरून ठेवायचं?

लेक : मग दुसरं काहीतरी. काहीही. माझ्यासाठी.

भोंगा : विचार करू दे. ते यंत्र बंद कर आधी, सगळं अंधुक झालंय. तुझा चेहरा दिसू दे.

लेक : केलं बंद.

भोंगा : ती बाहेरची पोरं अजून पळतायत का?

शिंपी : पळतायत. आता काच निवळतेय. आहे त्यांच्याकडे चेंडू. बारकासा आहे, म्हणून दिसत नव्हता.

भोंगा : कुणाकडे आहे?

शिंपी : एक बुटकी पोरगी आहे लाल स्वेटरची, तिच्याकडे. कुणाला देत नाहीये.

भोंगा : देईल. मागे कुणी आहे असं वाटलं की देईल.

लेक : बाबा, फोन अजून चालू आहे. जागा रिकामीच आहे.

शिंपी : मी निघतो. दुकान उघडं टाकून आलोय. उद्या सकाळी येईन, तुला आत नेतील तेव्हा दारात उभा असेन. आणि शुद्धीवर आलास की पाटीवर लिहून दे, घड्याळ की पोस्टमन.

भोंगा : घड्याळ. आत्ताच ऐकून जा.

शिंपी : मर मेल्या. नको, मरू नकोस. जाताना हे दार ओढून घेऊ का? बाहेरून गार वारा येतोय कॉरिडॉरमधला.

लेक : लावा काका.

भोंगा : राहू दे उघडं. आज मी आतच आहे.